उजवीकडचा रकाना : इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकांची एक झडती

मराठी समीक्षेने कादंबरी तपासली, कविता तपासली, संतसाहित्याचे तर पान न् पान तपासले. पण गोरगरिबांच्या घरात जे पुस्तक हमखास सापडते त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. हे पुस्तक म्हणजे इंग्रजी संभाषण शिकविणारे पुस्तक. रोजच्या वापरातले शब्द, नेहमीची वाक्ये, फळांची नावे, नात्यांची नावे, दुकानात काय बोलावे, कचेरीत काय बोलावे, अशी त्याची प्रकरणे असतात. बसस्टँडवर, जत्रेत, रेल्वेच्या डब्यात ते विकले जाते. आमच्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, फळीवर, शाळेच्या पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक कोणते, तर हेच. मग त्याची समीक्षा का नको? ज्या पुस्तकातली वाक्ये माणूस पाठ करतो, एकांतात मोठ्याने म्हणतो, स्वप्नात बरळतो, ते पुस्तक त्याच्या मनावर एखाद्या कादंबरीपेक्षा कमी परिणाम करीत नाही. म्हणून मी ते साहित्य म्हणूनच वाचणार आहे.

माझे गाव करडी. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. धानाचा मुलूख. मालगुजारी गेली तरी मालगुजारांचे तलाव राहिले, आणि तलावाच्या पाण्यावर कोणाचा धान पहिल्यांदा भिजायचा हेही राहिले. माझी माय रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेली असायची आणि उरलेल्या दिवसांत बिड्या वळायची. अशा घरात १९७४ साली, मी पाचवीत गेलो तेव्हा, बापाने बाजारातून एक जुने इंग्रजी संभाषणाचे पुस्तक आणले. त्याला मलपृष्ठ नव्हते, मुखपृष्ठही नव्हते. लेखक कोण, प्रकाशक कोण, मला आजही ठाऊक नाही. त्यामुळे येथे मी कोणा एका ग्रंथकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. त्या धाटणीची पुस्तके मी पुढे पुष्कळ पाहिली. मी बोलतो आहे ते त्या धाटणीबद्दल. खाली वाक्यांचे जे मासले येतील तेही धाटणी दाखविण्यापुरतेच आहेत, कोणत्याही छापील पुस्तकातला उतारा म्हणून नव्हेत.

पुस्तकाकडे वळण्याआधी आमच्या जिभेविषयी थोडे सांगितले पाहिजे. आम्ही झाडीबोली बोलतो. तिच्यात ण नाही, ळ नाही, श नाही, छ नाही. पाणी हे पानी, डोळा हा डोरा, शेत हे सेत. म्हणजे शाळेत ज्या भाषेला मातृभाषा म्हणतात ती आमच्यासाठी मुळातच दुसरी भाषा होती. शाळेत 'पानी' म्हटले की गुरुजी आधी उच्चार सुधारायचे आणि मग उच्चारावरून माणूस ओळखायचे. इंग्रजी सुरू झाले तेव्हा मला वाटले, आता सुटलो. 'वॉटर' या शब्दात ण नाही. ज्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या पाण्याला एक असे नाव सापडले होते की ते उच्चारताना वर्गातले कोणतेच पोर शुद्ध नव्हते आणि कोणतेच अशुद्ध नव्हते. पहिल्या धड्यातले सफरचंद आमच्यापैकी कोणीच खाल्ले नव्हते. पाटलाचा पोरगा आणि मी त्या सफरचंदापासून सारख्याच अंतरावर बसलो होतो.

ही समता फार दिवस टिकली नाही. एके दिवशी मी 'शी इज माय मदर' हे वाक्य वाचताना 'सी इज माय मदर' असे वाचले. मास्तर म्हणाले, "अरे, समुद्र तुझी माय केव्हापासून झाला?" वर्ग हसला. मीही हसलो. घरी येऊन मात्र ते वाक्य शंभरदा म्हटले. मायने विचारले, "का म्हनून रायला रे?" मी म्हटले, "तू माही माय आहेस, असं म्हनून रायलो." ती म्हणाली, "ते इंग्रजीत कायले म्हना लागते?"

मायच्या या प्रश्नाचे उत्तर मी आजवर शोधतो आहे. हा लेखही त्याच शोधाचा भाग आहे.

आता पुस्तक उघडू. या पुस्तकांच्या पानावर साधारणतः तीन रकाने असतात. डावीकडे इंग्रजी वाक्य, मधे देवनागरीत त्याचा उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. शिकणाऱ्याची नजर डावीकडे असते. चूक होईल ती तेथेच होईल, अशी त्याला धास्ती असते. उजवीकडचा रकाना त्याला आपला वाटतो, ओळखीचा वाटतो. तो तेथे सावध नसतो. माझे म्हणणे असे आहे की या पुस्तकांतली जात डावीकडे नसते. ती उजवीकडे असते.

इंग्रजीत समोरच्या माणसासाठी एकच शब्द आहे : 'यू'. साहेबाला यू, हमालाला यू, बापाला यू, लेकाला यू. मराठीत तसे नाही. मराठीत तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. आणि आमच्या वऱ्हाड-झाडीपट्टीत 'बे'सुद्धा आहे. तेव्हा 'यू'चा अर्थ मराठीत लिहायचा तर लेखकाला दरवेळी निवड करावी लागते. ही निवड तो कशी करतो? कचेरीच्या प्रकरणात डावीकडे असते 'यू आर लेट'. उजवीकडे असते 'आपणांस उशीर झाला'. नोकरचाकरांच्या प्रकरणात डावीकडे तेच 'यू आर लेट'. उजवीकडे 'तुला उशीर झाला'. इंग्रजी वाक्यातले एक अक्षर बदललेले नाही. बदलले ते आमच्या बाजूचे. 'ब्रिंग अ ग्लास ऑफ वॉटर, प्लीज' या वाक्यातला 'प्लीज' कोठे जातो? उजवीकडे उरते ते 'एक ग्लास पाणी आण'. इंग्रजीने दिलेली विनंती मराठीच्या उंबऱ्यावर हुकूम होते.

आणि या नोकरचाकरांच्या प्रकरणात हुकूम देणारा कोण आहे? पुस्तक वाचणारा. म्हणजे मी. करडीच्या बिडीवालीचा पोरगा रात्री चिमणीच्या उजेडात घोकतो आहे की खोली झाड, भांडी घास, घोड्याला पाणी दाखव. त्याच्या मायने सकाळी दुसऱ्याच्या आवारात हेच हुकूम ऐकलेले असतात. पुस्तक त्याला इंग्रजी शिकविते आणि इंग्रजीबरोबर मालकाची जागा उसनी देते. ही जागा फसवी आहे. त्या पानावर एकाही नोकराला उत्तर दिलेले नाही. हुकुमाला उत्तर म्हणून फार तर 'येस, सर' असते. नोकराने 'का?' असे विचारल्याचे वाक्य मला त्या पुस्तकात सापडले नाही. म्हणजे शिकणाऱ्याला दोनच जागा दिल्या होत्या : हुकूम सोडणाऱ्याची आणि हुकूम झेलणाऱ्याची. तिसरी जागा, बरोबरीच्या माणसाची, तेथे नव्हती.

येथे माझ्या बापाची एक आठवण सांगतो. मी कॉलेजात असताना त्याला घेऊन एका कचेरीत गेलो होतो. कामाचा कागद होता, कोणत्या कामाचा ते महत्त्वाचे नाही. साहेब दक्षिणेकडचे होते. मराठी त्यांना येत नव्हते. त्यांनी बापाकडे पाहिले, खुर्ची दाखविली आणि म्हणाले, "प्लीज सिट डाऊन." बाप उभाच राहिला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "का म्हनते रे सायब?" मी म्हटले, "बा, बसा म्हनते." बापाने पुन्हा विचारले, "बसा म्हनला?" त्याला 'बस' हा शब्द ठाऊक होता, 'बस बे' तर चांगलाच ठाऊक होता; आणि तेही खाली, जमिनीवर. साहेबाने इंग्रजीत काय म्हटले ते त्याला कळले नाही, पण त्याचा मराठी अर्थ 'बसा' असा झाला हे त्याच्या दृष्टीने नवल होते. ते 'बसा' मी केले होते. साहेबाच्या 'यू'मध्ये आदर होता की नुसता शिष्टाचार, मला माहीत नाही. पण उजवीकडचा रकाना त्या दिवशी माझ्या हातात होता आणि मी तो भरला. भाषांतर करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते हे मला त्या कचेरीत कळले.

पुढचे प्रकरण घेऊ : धंद्यांची नावे. या पुस्तकांत कार्पेंटर म्हणजे सुतार, बार्बर म्हणजे न्हावी, वॉशरमन म्हणजे धोबी, कॉब्लर म्हणजे चांभार अशी यादी असते. वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण थोडे थांबून पाहा. कॉब्लर हे कामाचे नाव आहे. जोडे शिवणे सोडले की माणूस कॉब्लर राहत नाही. चांभार हे जन्माचे नाव आहे. माणूस कलेक्टर झाला तरी गाव त्याला त्याच नावाने ओळखते. धंद्याच्या शब्दापुढे जातीचा शब्द ठेवून मधे 'म्हणजे' लिहिले की काय होते? पोराला वाटते, जगभर असेच आहे. इंग्रजांतही चांभार असतात आणि त्यांची पोरेही चांभारच होतात. अर्थाच्या एका शब्दाने जातिव्यवस्थेला साऱ्या जगाची साक्ष मिळवून दिली जाते. 'जोडे शिवणारा' असे लिहायला रकान्यात जागा कमी पडली असती काय?

उलट बाजूने शब्दांची गरिबीही आहे. धान्याच्या यादीत 'राईस' म्हणजे तांदूळ असे असते. माझ्या मायजवळ एका राईससाठी किती शब्द होते! पेरल्यावर उगवले ते पऱ्हे, बांधीत उभा तो धान, कांडल्यावर तांदूळ, फुटली ती कनी, शिजला तो भात, पातळ केली ती पेज. मजुरी धानात मिळाली की तांदळात, तांदळात की कनीत, यावर आमच्या घरचा आठवडा ठरायचा. 'राईस' या एका शब्दात हा सारा हिशोब बुडतो. यात इंग्रजीचा दोष नाही. इंग्रजीने 'पॅडी' हा शब्द मलाय भाषेतून उचलला, तसे आणखीही उचलले असते. दोष यादी करणाराचा आहे. त्याच्या घरात तांदूळ डब्यातूनच येत होता.

भाड्याने खोली घेण्याचे प्रकरण तर या पुस्तकांतले सर्वांत मोठे असत्य आहे. भाडे किती, पाणी किती वाजता येते, वीज आहे काय, हवा येते काय, सारे विचारले जाते. घरमालक उत्तरे देतो, सौदा ठरतो, 'थँक यू' होते. ज्याने बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचली आहे, १९६३च्या संग्रहातली, त्याला हे प्रकरण वाचून हसावे की रडावे कळणार नाही. त्या कथेतला नायक नव्या गावात नोकरीवर जातो आणि खोलीच्या शोधात त्याची गाठ पडते ती भाड्याशी नव्हे, जातीशी. आमच्या पोरांना नागपूर-पुण्यात आजही पहिला प्रश्न येतो तो 'आपले आडनाव?' हा. या प्रश्नाचे इंग्रजी पुस्तकात आहे, 'व्हॉट इज युवर सरनेम?' पण तो प्रश्न ओळखीच्या प्रकरणात आहे, खोलीच्या प्रकरणात नाही. आणि त्याचे खरे उत्तर दिल्यावर पुढे काय बोलायचे ते कोणत्याच प्रकरणात नाही. बागुलांनी एका कथेत जे शिकविले ते संभाषणाच्या शंभर धड्यांत नाही. या अर्थाने दलित कथा ही आमची खरी संभाषणमाला आहे.

इतके वाचून एखादा म्हणेल, मग इंग्रजीच सोडा. मराठीच्या अभिमानाची भाषणे करणारे पुष्कळ लोक आम्हाला हा सल्ला देतात. त्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात हे विचारले की सभा संपते. मी त्यांच्या बाजूचा नाही. ज्या संस्कृतचा दरवाजा आमच्या तोंडावर लावला गेला, शाळेत खुद्द बाबासाहेबांना ज्या भाषेऐवजी फारसी घ्यावी लागली, त्या संस्कृतसाठी कुमुद पावडे यांना नागपुरात काय सोसावे लागले ते 'अंतःस्फोट'मध्ये १९८१ साली छापले गेले आहे. इंग्रजीच्या दारात पुजारी बसला नव्हता. फीचा दारवान होता, तो वेगळा. पण सोवळे नेसलेला पुजारी नव्हता. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो उगाच नव्हे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' मराठीत लिहिली, पण तिची अर्पणपत्रिका इंग्रजीत लिहून अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्या लोकांना वाहिली. गावातल्या पाटील-कुलकर्ण्याच्या डोक्यावरून दूरच्या माणसाला हाक मारायची तर दुसरी भाषा लागते हे त्यांनी ओळखले होते.

पण मी दुसऱ्या टोकाचाही नाही. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. चंद्रभान प्रसाद यांची ती कल्पना. देवीच्या हातात लेखणी, पायाखाली संगणक. त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. पण ज्यांनी देव सोडले त्यांनी भाषेची देवी का करावी? आणि मेकॉलेचा जयजयकार कशासाठी? १८३५च्या त्याच्या टिपणीत राज्यकर्ते आणि रयत यांच्यात दुभाष्याचे काम करणारा एक वर्ग घडवायचा होता. तो वर्ग कोणाचा झाला, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्ट सांगितले : कर शेतकऱ्याने भरायचा आणि शिक्षण वरच्यांनी घ्यायचे. इंग्रजी भाषा काही सोवळ्याची नाही, पण धुतल्या तांदळासारखीही नाही. 'कास्ट' हा शब्द तिने पोर्तुगीजांकडून घेतला, तमिळ मुलखातल्या परैयर जातीच्या नावापासून 'पराया' असा शब्द केला आणि वाळीत टाकलेल्या कोणालाही तो लावला. एके काळी तिच्यातही 'दाऊ' असा एकेरी शब्द होता. तो रोजच्या बोलण्यातून गेला. इंग्लंडातले वर्गभेद त्याच्याबरोबर गेले नाहीत. नुसत्या सर्वनामाने क्रांती होत नसते.

मग वाट कोणती? मला ती एका जुन्या घरात दिसते. रामजी सुभेदारांनी लहानग्या भीमरावाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली होती. तर्खडकरांच्या वाक्यांतले जग काही आमचे नव्हते. पण त्या पाठमालेचा आणि आजच्या संभाषणाच्या पुस्तकांचा एक मूलभूत फरक आहे. भाषांतर पाठमालेत वाक्य एका बाजूचे देतात, दुसरी बाजू विद्यार्थ्याने स्वतः लिहायची असते. इंग्रजीचे मराठी करा, मराठीचे इंग्रजी करा. उजवीकडचा रकाना तेथे कोरा असतो. तो भरताना पोराला विचार करावा लागतो की या 'यू'ला मी काय म्हणू. घोकंपट्टीचा गुलाम आणि भाषांतर करणारा माणूस यांत हेच अंतर आहे.

तो कोरा रकाना बाबासाहेबांनी आयुष्यभर भरला. १९२०चा 'मूकनायक' आणि १९२७चा 'बहिष्कृत भारत' मराठीत. १९३६चे जातिनिर्मूलनाचे न झालेले भाषण इंग्रजीत. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत, आणि ज्यांना जाब विचारायचा त्यांच्याशी त्यांना टाळता येणार नाही अशा भाषेत. आणि त्यांच्या इंग्रजीत जड शब्दांचा सोस नाही. १९४८च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यांच्या पूर्वजांसाठी त्यांनी शब्द वापरला तो 'ब्रोकन मेन'. ब्रोकन आणि मेन. दोन्ही शब्द पाचवीच्या पोराला येतात. रोजच्या वापरातल्या दोन शब्दांतून त्यांनी एक सिद्धान्त उभा केला. रोजचे शब्द शिकणे म्हणजे काय, याचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

आता आमच्या वस्तीची स्वतःची यादी पाहा. सही न करता येणाऱ्या आमच्या मायबहिणींना इंग्रजी येत नाही असे कोण म्हणते? फॉर्म, टीसी, डोमिसाइल, स्कॉलरशिप, फ्रीशिप, कास्ट सर्टिफिकेट, व्हॅलिडिटी, बॅकलॉग, जीआर हे शब्द त्यांना तोंडपाठ आहेत. कोणत्याही संभाषणमालेत ही यादी नाही. हे शब्द त्यांनी रांगांत उभे राहून शिकले, एकेका शब्दासाठी एकेका दिवसाची मजुरी बुडवून शिकले. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले; आमच्या वस्त्यांत ते त्याआधीच सुरू झाले होते, सरकारी खिडकीपाशी.

या यादीतला एक शब्द मात्र वेगळा काढला पाहिजे. तो शब्द 'अ‍ॅट्रॉसिटी'. १९८९चा कायदा झाला आणि हा शब्द गावोगाव पोचला. ज्याला इंग्रजीची एबीसीडी येत नाही त्यालाही तो येतो. आणि गावचा सवर्णही तो बरोबर उच्चारतो. करडी ज्या मोहाडी तालुक्यात आहे त्याच तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आले. माय, लेक आणि दोन मुलगे. त्यानंतरच्या महिन्यांत महाराष्ट्रभर रस्त्यावर हा शब्द गर्जला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, त्यांतल्या सहांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा या गुन्ह्याला दोन्ही ठिकाणी लागू धरला गेला नाही. खून झाले, ते जातीवरून झाले असे मात्र मानले गेले नाही.

त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्याने मला विचारले, "कागदात तो सबद नाही म्हंतेत, खरं का?" मी म्हटले, "खरं आहे, दादाजी." तो म्हणाला, "मंग आमी सिकलो तो सबद कोनाचा होता?"

येथे माझ्या मायच्या प्रश्नाला पहिले उत्तर मिळते. इंग्रजी कायले म्हना लागते? तर कागद इंग्रजीत लिहिला जातो म्हणून. शब्द तोंडात असणे आणि शब्द कागदात असणे यांत जे अंतर आहे ते चालून जाण्यासाठी. नुसता शब्द पाठ असून भागत नाही. त्या शब्दाची व्याख्या कोणी केली, तो कोठे लागतो, कोठे लागत नाही आणि का लागत नाही, हे विचारण्याचे वाक्य यावे लागते. आमच्या पोरांना शब्द मिळाले आहेत. वाक्ये मिळालेली नाहीत. शब्द रांगेत उभे राहून मिळतो; वाक्य बोलायला मात्र समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो.

आज पुस्तकाची जागा मोबाइलने घेतली आहे. पोरे त्यावर रोज दहा शब्द, रोज पाच वाक्ये शिकतात. वाईट नाही. पण तेथेही डावीकडे 'यू' आहे आणि उजवीकडे यंत्राला तू किंवा तुम्ही यांतून एक निवडावेच लागते. यंत्र ते आमच्याच छापील मराठीवरून शिकले आहे. ज्या मराठीने झाडूवाल्याला शेकडो वर्षे 'तू' म्हटले, तिच्याकडून शिकलेले यंत्र दुसरे काय म्हणेल? तेव्हा रकाना तपासण्याचे काम संपलेले नाही.

माझी सूचना साधी आहे. आमच्या शिक्षकांनी, लेखकांनी एक संभाषणाचे पुस्तक करावे. त्यात नोकरचाकरांचे प्रकरण नसावे. धंद्यांच्या यादीत जातीचे एकही नाव नसावे. धान, पऱ्हे, कनी यांना इंग्रजीत काय म्हणायचे ते आमच्या पोरांनीच ठरवावे. शब्द नसेल तर आपला शब्द इंग्रजीत तसाच न्यावा. खोलीच्या प्रकरणात आडनावाचा प्रश्न यावा आणि त्याला उलट प्रश्नही यावा. आणि पहिल्या पानावर 'गुड मॉर्निंग'च्या आधी ही वाक्ये असावीत : 'आय डिड नॉट अंडरस्टँड, से इट अगेन.' 'गिव्ह मी धिस इन रायटिंग.' 'व्हिच रूल?' 'हू डिसायडेड?' 'आय डू नॉट अ‍ॅग्री.' यांतला एकही शब्द अवघड नाही. सारे रोजच्या वापरातले आहेत. फक्त ते रोज वापरण्याची सवय आम्हाला कोणी लावली नाही.

या वाक्यांसमोर मराठी अर्थ छापू नये. तेथे कोरी जागा सोडावी आणि ती पोरांनी आपापल्या बोलीत भरावी. ण नसलेल्या बोलीतही 'मला मान्य नाही' हे म्हणता येते. आमच्याकडे ते 'माले पटत नाही' असे म्हणतात.